बोलण्यापुरती चाल

थेरपिस्टनं त्याचा डावा हात आपल्या हातात धरला आणि टेबलावर हलकेच आपटला.

"पा-णी. म्हणा सर. पा-णी."

खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. कपाळावरची शीर टरारून फुगली. "त... त..." एवढंच बाहेर पडलं आणि त्यानं वैतागून मान फिरवली.

"राहू दे. चांगला प्रयत्न होता," थेरपिस्ट म्हणाली. मग ती दाराशी उभ्या असलेल्या गायिकेकडे वळली. "आता ऐका हं." आणि तिनं एका गाण्याचे पहिले दोन शब्द गुणगुणले.

माणसानं डोळे मिटले आणि ती ओळ उचलली. 'सरका भिंतींनो, मला मोठं व्हायचंय.' अख्खी ओळ, एकही अक्षर न गाळता, शेवटचा सूर जिथं लांबवायचा तिथं नेमका लांबवून. आवाज त्याचा पूर्वीही बेताचाच होता.

गायिकेनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. गाणं तिचं होतं. पंचवीस वर्षं लोक तिच्याकडून तेच ऐकत आले होते. आधी कॉलेजांच्या मैदानांवर, मग एका मोटारीच्या जाहिरातीत, आणि आता कंपन्यांच्या वार्षिक समारंभांत, हातात जेवणाच्या प्लेट धरून. हल्ली ते गाताना तिच्या मनात भलतंच काहीतरी चालू असायचं. हॉटेलात गरम पाणी येत असेल का, उद्याची गाडी किती वाजता आहे. तोंड आपलं आपण गात राहायचं.

"हे असं कसं?" तिनं विचारलं.

"बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला. रक्तस्राव तिथं झालाय. गाणं बरंचसं उजव्या बाजूनं होतं, ती शाबूत आहे. म्हणून रोजची वाक्यं चालीत बसवायची आणि चालीवरून बोलण्याकडे न्यायचं." थेरपिस्ट जरा ओशाळली. "पण मला चाली जमत नाहीत. मी केलेली चाल ऐकली की सर तोंड वाकडं करतात. म्हणून मीच अक्कांना म्हटलं, तुम्हाला फोन करा."

खिडकीशी बसलेली अक्का हसली. "आजारी पडला तरी खोड गेलेली नाही."

खुर्चीतला माणूस त्या हसण्यात सामील झाला नाही. तो गायिकेकडे बघत होता. नऊ वर्षांनी.

कॉलेजात तो इतका बारीक होता की गिटार गळ्यात अडकवली की दिसेनासा व्हायचा. तेव्हापासून त्याला काडी म्हणायचे. पुढं पोट सुटलं, केस गेले, नाव काही सुटलं नाही. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शाळेतली नोकरी सांभाळून. दोघांच्या बँडची पहिली सगळी वर्षं अक्काच्या दोन खोल्यांत गेली. खाटा उभ्या करून जागा करायची, खिडक्यांना गाद्या लावायच्या आणि मग दणका उडवायचा. अक्का स्वयंपाकघरात उत्तरपत्रिका तपासत बसायची आणि मधूनच ओरडायची, "अगं भोंग्या, शेजारचं बाळ उठेल!" भोंगा म्हणजे गायिका. तिचा आवाज कशानंच अडायचा नाही.

ती लिहायची, काडी कापायचा. चार कडवी घेऊन आली की तो दोन ठेवायचा. एका शब्दावरून दोघांनी दिवसदिवस अबोला धरलेला. पण जे उरायचं ते लोकांच्या तोंडी बसायचं. मग नाव झालं, दौरे झाले, चकचकीत मासिकांत तिचे फोटो आले. 'तुम्हाला सुचतं कसं?' असं जो तो विचारू लागला आणि तीही उत्तरं देऊ लागली. त्या उत्तरांत वेदना असायची, एकांत असायचा, कुठल्याशा खिडकीतून येणारं तिरपं ऊन असायचं. एका दुपारी तालमीत तिनं नवं गाणं ऐकवलं. काडीनं ते शेवटपर्यंत ऐकलं, गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या.

"तू आता गाणी लिहीत नाहीस," तो म्हणाला होता. "मुलाखती लिहितेस."

तो गेला आणि त्यानं गिटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. बरं झालं, ब्याद गेली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर तिनं दोन अल्बम एकटीनं काढले, हवे तेवढे शब्द घालून. तिसऱ्याची स्टुडिओची तारीख आतापर्यंत तीनदा पुढं ढकलून झाली होती. गेल्या वर्षी रेडिओवर कुणीतरी तोच प्रश्न विचारला, आणि ती खिडकी, ते ऊन सांगता सांगता मध्येच थांबली. तिला आठवेना की ती खिडकी कुठली होती. मुळात होती का.

"बरं," ती आता म्हणाली आणि खुर्ची ओढून काडीच्या समोर बसली. "पाणीच ना? करू."

तिला वाटलं, चुटकीसरशी होईल. 'मला पाणी दे' ही तीन शब्दांची ओळ तिनं तिथल्या तिथं एका सुरेख, वळणदार चालीत गाऊन दाखवली. थेरपिस्टनं नम्रपणे मान हलवली.

"छान आहे, पण फार गाणं झालं. दोनच सूर पुरेत, वरचा आणि खालचा. माणूस बोलताना आवाज जिथं आपोआप वर जातो तिथंच वर न्यायचा. उद्या त्यातून चाल काढून घेतली तरी बोलणं मागं राहिलं पाहिजे."

"चाल काढून घ्यायची?"

"हो. हळूहळू. आधी गायचं, मग अर्धवट गायचं, मग नुसतं बोलायचं. चाल विसरली गेली म्हणजे आपलं काम झालं."

गायिकेनं काडीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत कित्येक वर्षांपूर्वीची ती मिस्कील लकेर होती. दोन सूर! तिच्या पदरात कुणीतरी अखेर दोन सूर टाकले होते, आणि तेही परत मागणार होते.

घरी जाताना ती बसमध्ये बसली आणि लोकांचं बोलणं ऐकू लागली. पुष्कळ दिवसांत तिनं असं काही ऐकलं नव्हतं. समोरची बाई मुलाला म्हणाली, "बाटली दे," आणि 'बाट' वर गेलं, 'ली दे' खाली उतरलं. कंडक्टर म्हणाला, "पुढं चला," तेव्हा उलट झालं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं फोनवर "बरं" म्हटलं आणि त्या एका शब्दात आवाज चढून उतरला. ती आपल्या मांडीवर बोटं आपटत होती. तिचा थांबा मागं गेला.

दुसऱ्या दिवशी 'मला पाणी दे' साधं झालं होतं. मधला शब्द वर, बाकीचे खाली. तिनं काडीचा डावा हात धरला. याच हाताची बोटं एकेकाळी गिटारच्या मानेवरून उंदरासारखी पळायची. उजवा हात मांडीवर पडून होता, कुणी दुसऱ्यानंच विसरून ठेवल्यासारखा.

तिनं ताल दिला, गायलं, पुन्हा गायलं. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याचा आवाज फुटला.

"पाणी दे."

अक्का खुर्चीतून उठली. थेरपिस्टच्या चेहऱ्यावर आनंद मावेना, पण ती कर्तव्यदक्ष होती. "मस्त! फक्त 'मला' राहिलं. पुन्हा म्हणू या. म-ला पा-णी दे."

"पाणी दे," काडी म्हणाला.

"म-ला..."

त्यानं डावा हात वर केला आणि हवेत एक आडवी रेघ ओढली.

गायिकेला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा ती एवढ्यांदा हसली की बाहेरून एक नर्स डोकावून गेली. "त्याचं चुकत नाहीये हो," ती थेरपिस्टला म्हणाली. "त्यानं कापलंय. पाणी कुणाला हवंय ते समोर दिसतंयच की. 'मला' कशाला?"

काडीनं मान डोलावली.

ती रोज सकाळी येऊ लागली. 'पाठ दुखते', 'गोळी दे', 'खिडकी उघड', 'चष्मा कुठंय', 'नको' असं एकेक होत गेलं. 'नको'वर दोन दिवस गेले, कारण तिच्या म्हणण्यानुसार 'नको' पाच-सहा प्रकारचे असतात आणि आजारी माणसाला ते सगळेच लागतात. मॅनेजरचा फोन यायचा तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन बोलायची.

"ताई, स्टुडिओवाले विचारतायत. काही तयार आहे का?"

"'पाठ दुखते' तयार आहे."

"कोणाची?"

"ते गाण्याचं नाव आहे."

"वेगळं आहे," मॅनेजर जपून म्हणाला. "लोकांना आवडेलसुद्धा. रेकॉर्ड करून पाठवा ना."

ती पाठवणार नव्हती, कारण 'पाठ दुखते'ची चाल त्याच आठवड्यात गळून गेली होती. मंगळवारी काडीनं ते अर्धवट गायलं आणि शुक्रवारी नुसतं म्हटलं, अडखळत, सपाट, सुराचा मागमूस नसलेलं. थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. गायिकेनंही वाजवल्या. पण घरी आल्यावर ती भांडी घासता घासता थबकली, आणि आपल्याला नेमकं काय झालंय ते तिला उमगेना. चांगली चाल होती. इतक्या वर्षांत एवढी नेमकी एकही झाली नव्हती. ती आता जगात कुठंच नव्हती, फक्त एका माणसाची पाठ दुखत होती आणि ते तो सांगू शकत होता.

मग काडीनं एक नवीनच काढलं.

त्या सकाळी ती आली तेव्हा तो पलंगावर बसून काहीतरी गुणगुणत होता. शब्द नव्हते. दोन आखूड सूर, मध्ये किंचित थांबणं, आणि एक लांब सूर, खाली उतरत जाणारा. तिला पाहताच त्यानं ते पुन्हा केलं, आणि हात पुढं केला. आण, अशा अर्थानं.

"ही चाल तुझी?"

त्यानं मान डोलावली.

"शब्द मी द्यायचे?"

पुन्हा मान डोलली, अधीरपणे.

"कालपासून हेच चाललंय," अक्का म्हणाली. ती चहाचा कप हातात धरून बसली होती. चहावर साय धरली होती. "आणि सारखा उशीवर थापा मारतो. झोप आली असेल म्हणून निजवलं, तर केवढा चिडला! माझ्याकडे बोट दाखवतो. मी उठते, विचारते, काय हवं, पाणी हवं, भांडं हवं? तर आणखीनच चिडतो."

थेरपिस्टनं चित्रांचा तक्ता आणला. काडीनं तो डाव्या हातानं बाजूला सारला. त्याला दाखवायचं नव्हतं, म्हणायचं होतं.

गायिका अंदाज करत बसली. 'घरी जा'? नाही. 'दार लाव'? नाही. 'गोळी दे'? त्यानं डोळे फिरवले. ती दिवसभर त्या तीन सुरांना घेऊन फिरली. दोन अक्षरं, थांबा, मग एकच उच्चार, लांबलेला. आधी हाक असणार, मग सांगणं. हाक दोन अक्षरांची. आणि बसमध्ये, भर गर्दीत उभी असताना, तिला ते एकदम सापडलं. तिनं डोळे पुसले, शेजारचा माणूस संकोचून सरकला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर पोचली. आरशासमोर उगाचच केस नीट केले होते. काडीसमोर बसून तिनं त्याचा हात धरला आणि त्याच्या चालीत, त्याच्याच थांब्यासह म्हणाली,

"भोंग्या, गा."

अगदी फिट बसत होतं. सूर न सूर.

काडी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. नाही. त्यात राग नव्हता. तालमीत ती फार मेहनतीनं काहीतरी वाईट लिहून आणायची तेव्हा तो असाच बघायचा, जरा माया आल्यासारखा.

तिचे कान तापले. एवढी वर्षं रंगमंचावर काढून आपण अजून हेच समजतो, तिला वाटलं, की जो कुणी गातो तो आपल्यासाठीच गातो.

ती उठून पाठमोरी झाली. थेरपिस्ट दुसऱ्या रुग्णाकडे गेली होती. अक्काचा काहीच आवाज नव्हता, याचं गायिकेला नवल वाटलं, कारण अशा वेळी अक्काचा एखादा शेरा ठरलेला.

अक्का खुर्चीत ताठ बसल्या बसल्या झोपली होती. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, मान एका बाजूला कलंडलेली, चष्मा नाकावरून घसरून ओठांपर्यंत आलेला. पायांवर सूज होती, चपलांचे पट्टे रुतले होते. गायिका रोज सकाळी याच खोलीत येत होती. ती खुर्ची तिनं रोज पाहिली होती. अक्का रात्री कुठं झोपते, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

मागून ते तीन सूर आले, अगदी हळू. गायिकेनं वळून पाहिलं. काडीची नजर अक्कावर होती, आणि हात उशीवर.

ती त्याच्याजवळ गेली. पलंगाच्या कडेवर बसली. कुजबुजत, त्याच्या चालीत म्हणाली,

"अक्का, झोप."

त्यानं तिचा हात इतका दाबला की बोटं दुखली.

मग त्यांनी तालीम केली. नऊ वर्षांनंतरची पहिली तालीम, आवाज न करता. ती ओठ हलवायची, तो ओठ हलवायचा. 'अक्का' लवकर आलं. ती हाक त्याच्या तोंडात आयुष्यभर होती. 'झोप'ला वेळ लागला. 'झ'पाशी जीभ अडायची आणि 'त' यायचं. तो घामाघूम झाला. तिनं 'झो' लांबवून दिला, त्याला 'झ'वरून घसरत जायला जागा करून दिली. त्यातलं काही कमी करण्यासारखं नव्हतं, की घालण्यासारखंही.

बाहेर ट्रॉली खडखडली आणि अक्का दचकून जागी झाली. "काय रे? काय हवं? पाणी?" ती चष्मा सावरत उठायला लागली.

"अक्का," काडी गायला, "झोऽप."

अक्का अर्धवट उठलेली तशीच राहिली. तिनं आधी गायिकेकडे पाहिलं, हिनं शिकवलं की काय असं. गायिकेनं नकारार्थी मान हलवली.

"अक्का, झोऽप," तो पुन्हा म्हणाला, आणि उशीवर थाप मारली.

"अरे, झोपते की मी. रोज झोपते." तिनं पिशवी उगाचच उघडली आणि बंद केली. "तुझं जेवण यायचंय अजून. तुझ्या गोळ्या... डॉक्टर फेरीला येतील, कुणी नको का..." वर्गात चाळीस पोरं गप्प बसवणारी बाई ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"मी आहे ना," गायिका म्हणाली. "जेवण मी भरवीन. डॉक्टर आले तर मी बोलेन. चपला काढ."

"तुला काय कळतंय त्याच्या गोळ्यांतलं?"

"तो सांगेल मला."

हे खरं होतं. निदान 'पाणी', 'नको' आणि 'गोळी' एवढं तो सांगू शकत होता. अक्का जरा वेळ घुटमळली. मग दोघींनी मिळून काडीला चाकाच्या खुर्चीत बसवलं, आणि अक्का त्याच्या पलंगावर कडेला टेकली, पाहुण्यांच्या घरी टेकावं तशी. "पाच मिनिटं पडते फक्त," ती म्हणाली. कुशीवर वळेपर्यंत तिला झोप लागलीसुद्धा.

काडीनं डाव्या हातानं चादरीचं टोक ओढलं. ते पायांपर्यंत पोचेना. गायिकेनं उरलेलं ओढलं. मग ती अक्काच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिच्या अंदाजापेक्षा कडक होती. पाठ टेकायची सोयच नव्हती. दोघं पलंगाकडे बघत राहिली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याच्याकडे अजून तेवढे शब्द नव्हते, आणि तिच्याकडे होते ते तिला आत्ता नको होते.

जेवण आलं. तिनं त्याला सावकाश भरवलं. डॉक्टर आले, पलंगावर भलतीच व्यक्ती पाहून गोंधळले, आणि गायिकेच्या ओठांवरचं बोट बघून दाराशीच थांबून कागद वाचून गेले.

ऊन भिंतीवरून खाली सरकलं तेव्हा तिचा फोन थरथरला. मॅनेजर होता. ती उठून बाहेर गेली नाही. तोंडावर हात धरून तिनं तो उचलला.

"ताई, शेवटचं विचारतो. काहीतरी नवीन झालंय का? अगदी लहानसं असलं तरी चालेल."

"झालंय," ती म्हणाली. "आजच झालं."

"अरे वा! अल्बमसाठीच ना? मग ऐकवा की. फोनवरच ऐकवा, दोन ओळी."

"आत्ता नको," गायिका म्हणाली. "आणि हळू बोल. इथं एक जण झोपलंय."